थांबायची जागा

१. दोन ठिकाणची मंडळी

नमस्कार मंडळी!

हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा म्हटले असतील, त्याची गणती नाही. मी रेडिओवर निवेदिका होते. १९७५ मध्ये नोकरीला लागले आणि २०११ मध्ये निवृत्त झाले. आता लेकीकडे, इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात राहते. रेडिओची नोकरी करता करता मी आणखी एक काम केलं. दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवली. पेटी म्हणजे हार्मोनियम. या दुसऱ्या कामाला पगार नव्हता आणि त्यातून निवृत्तीही नाही. ते अजून चालूच आहे.

तुम्ही मराठी शिकताय, म्हणून आधी या ‘मंडळी’ शब्दाबद्दल सांगते. मंडळी म्हणजे जमलेली माणसं. ‘घरची मंडळी कशी आहेत?’, ‘जेवायला किती मंडळी आहेत?’ असं आपण सहज म्हणतो. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात आम्ही ‘राम राम मंडळी’ म्हणायचो. पण मराठी ख्रिस्ती घरांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. मराठी बायबलमध्ये ‘चर्च’साठी ‘मंडळी’ हाच शब्द येतो. चर्च म्हणजे नुसती दगडविटांची इमारत नाही, तर एकत्र जमून उपासना करणारी माणसं. म्हणून आमच्याकडे ‘आमच्या मंडळीचे पाळक’ असं म्हणतात. पाळक म्हणजे उपासना चालवणारे धर्मगुरू.

तर माझ्या वाट्याला अशा दोन मंडळी आल्या. रेडिओची मंडळी मला कधीच दिसली नाही. चर्चची मंडळी दर रविवारी समोर बसलेली असायची. दोघींनी मला पुष्कळ शिकवलं. पण एका गोष्टीबाबत दोघींचं कधी पटलं नाही. ती गोष्ट म्हणजे थांबणं. आज तुम्हाला तेच सांगायचं आहे.

२. फाटका भाता

माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. नगर म्हणजे अहमदनगर. आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. अमेरिकन मिशनरी १८३१ पासून या भागात काम करत होते. त्यांनी शाळा काढल्या, मुलामुलींसाठी बोर्डिंगं काढली. माझे बाबा अशाच एका शाळेत मास्तर होते. बोर्डिंगातल्या मुलींना गाणी शिकवणं आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणं हेही त्यांच्याकडेच होतं. त्या मुली पुढे शिकून नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. जिथं बदली होईल तिथं गेल्या.

आमच्या चर्चमध्ये एक जुनी पायपेटी होती. हातपेटी तुम्ही पाहिली असेल. मांडी घालून बसायचं, एका हातानं भाता हलवायचा आणि दुसऱ्या हातानं वाजवायचं. पायपेटी टेबलाएवढी मोठी असते. खुर्चीवर बसून पायांनी भाता मारायचा, म्हणजे दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. हार्मोनियमचा जन्म युरोपातला. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. जमिनीवर बसून वाजवायची हातपेटी मात्र आपल्याकडची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास ती बनवली.

आमच्या पायपेटीचा भाता फाटका होता. बाबांनी त्याच्या चामड्याला किती ठिगळं लावली, तरी हवा निसटायचीच. भजनाच्या दोन ओळी होईपर्यंत हवा कशीबशी पुरायची. तिसरी ओळ सुरू करण्याआधी बाबांना थांबून जोरजोरात पाय मारावे लागायचे. धप्, धप्, धप्. तेवढा वेळ सगळी मंडळी थांबायची. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळे मिळून एक श्वास घ्यायचे. आणि मग तिसरी ओळ अशी काही उठायची, की वरचे पत्रे थरथरायचे.

पाहुणे पाळक आले की त्यांची फजिती ठरलेली. ते एकटेच तिसऱ्या ओळीत शिरायचे, आणि बाकी कुणीच गात नाही हे बघून गप्प व्हायचे. आम्ही मुलं तोंडावर हात ठेवून हसायचो. आम्हाला वाटायचं, एवढे मोठे साहेब आणि यांना साधं भजन येत नाही! दोन ओळी झाल्या की थांबायचं, हा गाण्याचा नियमच आहे अशी माझी समजूत होती. तो भात्याचा दोष आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

३. रेडिओला नको असलेली पेटी

बाबांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक भजनं आणि दुसरं रेडिओ.

भजनं पुष्कळशी ना. वा. टिळकांची असायची. नारायण वामन टिळक १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढची बरीच वर्षं ते नगरला राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं. तुमचं मराठी थोडं आणखी पक्कं झालं की ते जरूर वाचा. वाचताना हसाल आणि रडालही.

टिळकांच्या आधी काही जणांनी आपल्या चालींवर ख्रिस्ती पदं रचली होती. पण चर्चमध्ये इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरंही खूप गायली जायची. चाल तिकडची, शब्द इकडचे. मग शब्दांची ओढाताण व्हायची. बोलताना आपण जिथं जोर देत नाही, तिथं गाताना जोर द्यावा लागायचा. टिळकांनी अभंग, ओवी अशा आपल्या छंदांत लिहिलं. तुकारामांचे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला ती गाणी लगेच आपली वाटली. मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ नावाचं गीतांचं पुस्तक असतं. त्यात आजही टिळकांची गाणी आहेत. बाबा स्वतः कवी नव्हते, पण चाली छान लावायचे. नाताळच्या एका भजनाला त्यांनी भूप रागात लावलेली चाल आमच्या गावात सगळ्यांना पाठ होती.

आता गंमत बघा. बाबांना रेडिओ इतका आवडायचा, पण त्यांची पेटी रेडिओला चालत नव्हती! १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. तिच्यावर आक्षेप असा होता, की हिचे सूर ठरलेले असतात. आपल्या संगीतात गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो. त्याला मींड म्हणतात. सारंगीवर मींड घेता येते, पेटीवर येत नाही. शिवाय आपल्याकडे दोन सुरांच्या मधल्या बारीक जागांना, म्हणजे श्रुतींना, फार महत्त्व आहे. पेटीच्या पट्ट्यांमध्ये त्या जागा सापडत नाहीत. म्हणून सारंगी आणि व्हायोलिन आत, पेटी बाहेर. पु. ल. देशपांडे हे आपले लाडके लेखक. ते उत्तम पेटी वाजवायचे आणि काही वर्षं आकाशवाणीत नोकरीलाही होते. पण त्या काळात आकाशवाणीवरून पेटी मात्र ऐकू येत नव्हती.

ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. गाण्याच्या साथीला पेटी पुन्हा आली. ती बातमी ऐकून बाबा आईला म्हणाले, “अगं, ऐकलंस का? सरकारनं आपल्या पेटीला माफ केलं!”

४. लाल दिवा

चार वर्षांनी मी एका रेडिओ केंद्रावर नोकरीला लागले. पहाटेची ड्यूटी असली की साडेचारला केंद्राची गाडी दारात यायची. रेडिओच्या भाषेत दिवसभरातल्या प्रसारणाच्या भागांना ‘सभा’ म्हणतात. पहिली सभा सकाळची. ती सुरू होण्याआधी आकाशवाणीची संकेतधून वाजायची. ही धून वॉल्टर कॉफमन यांनी बांधली असं मानलं जातं. ते युरोपातून आलेले ज्यू संगीतकार होते. १९३४ मध्ये ते मुंबईला आले आणि पुढे तिथल्या रेडिओ केंद्रावर काम करू लागले. आपला देश सोडून आलेल्या माणसाची धून ऐकत पुढे कोट्यवधी लोकांची सकाळ झाली. दुसऱ्या देशात राहणाऱ्या तुम्हाआम्हाला हे ऐकून बरं वाटतं, नाही का?

धून संपली की लाल दिवा लागायचा. लाल दिवा म्हणजे मायक्रोफोन चालू. आता शिंक आली तरी ती जिल्हाभर ऐकू जाणार.

पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठ निवेदिकेनं मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, “हजारो लोक ऐकत असतात, पण बोलायचं एकाशी. ‘सर्वांनो’ म्हणून ओरडायचं नाही. समोर आपली मावशी बसली आहे असं समजायचं.” दुसरी गोष्ट, “इथं शांतता म्हणजे चूक.” का? कारण दोन-चार सेकंद आवाज आला नाही, तर श्रोत्याला वाटतं केंद्र बंद पडलं. तो बटण फिरवून दुसरीकडे जातो. इकडे ड्यूटी रूममधला फोन वाजायला लागतो. म्हणून आम्ही सेकंद मोजून काम करायचो. दिल्लीच्या बातम्या सहक्षेपित करायच्या, म्हणजे तिकडच्या बातम्या आपल्या केंद्रावरून जशाच्या तशा ऐकवायच्या, तर त्याची वेळ सेकंदावर गाठावी लागायची. मधे जागा उरली की तिथं वाद्यसंगीताचा तुकडा लावायचा. त्याला फिलर म्हणतात. फिलर म्हणजे भोक बुजवायचं साधन.

रविवारी पहाटेची ड्यूटी संपवून मी तशीच चर्चला जायची आणि पेटीवर बसायची. तिथं सगळं उलटं. पाळक म्हणायचे, “आपण शांतपणे प्रार्थना करू या,” आणि पन्नास-साठ माणसं गप्प बसायची. एक मिनिट, कधी दोन मिनिटं. सुरुवातीला माझे हात शिवशिवायचे. वाटायचं, काहीतरी वाजवलं पाहिजे, फिलर लावला पाहिजे! एकदा मी खरंच वाजवायला लागले. पाळकसाहेबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत, पण मला समजलं.

५. पंधरा फूट टेप

१९७८ च्या डिसेंबरमध्ये आमच्या केंद्रानं नाताळसाठी दहा मिनिटांचा कार्यक्रम करायचं ठरवलं. खेड्यातल्या चर्चमधली भजनं ऐकवायची होती. मी आमच्या गावाचं नाव सुचवलं. खांद्याला अडकवायचा टेप रेकॉर्डर घेऊन मी एसटीनं गावी गेले.

बाबा तेव्हा साठीत होते. त्यांनी कोट घातला होता, मिशा नीट केल्या होत्या. जणू रेडिओवरून ते दिसणारच होते! सगळी मंडळी जमली. तीन भजनं झाली. प्रत्येक भजनाला चार कडवी. प्रत्येक कडव्यात तिसऱ्या ओळीआधी थांबणं, पायांची धप्-धप् आणि मग तो एकत्र श्वास. शेवटी मी ‘झालं’ म्हणाले, तेव्हा बाबांनी घाम पुसला आणि विचारलं, “बाळ, पेटी बरी वाजली ना?”

केंद्रावर येऊन मी वेळ मोजली. माझं निवेदन धरून कार्यक्रम दहा मिनिटं चोवीस सेकंदांचा भरला. चोवीस सेकंद जास्त. एखादं कडवं काढावं, तर त्याचा अर्थ अर्धवट राहणार. निवेदन तर आधीच तोकडं होतं. मग माझ्या लक्षात आलं, की थांबण्याच्या जागा बारा आहेत आणि प्रत्येक जागा साधारण दोन सेकंदांची आहे. बारा दुणे चोवीस. हिशेब किती छान जुळला!

तेव्हा संगणक नव्हता. ध्वनिमुद्रण कापायचं म्हणजे खरोखरच कापायचं. टेप एका सेकंदाला साडेसात इंच धावायची. म्हणजे दोन सेकंदांची शांतता म्हणजे पंधरा इंच टेप. कापायच्या जागेवर पेन्सिलीनं खूण करायची, खाचेत टेप बसवायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायची. मी बारा वेळा कापलं आणि बारा वेळा जोडलं. संध्याकाळी माझ्या टोपलीत पंधरा फूट टेप पडली होती. कार्यक्रम बरोबर दहा मिनिटांचा झाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. जोड कुठंच कळत नाही, म्हणाले.

चोवीस डिसेंबरला संध्याकाळी कार्यक्रम लागला, तेव्हा मी सुट्टी घेऊन गावीच होते. घरात पंचवीस-तीस माणसं रेडिओभोवती बसली होती. स्वतःचा आवाज ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाबा मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर सगळे टाळ्या वाजवायला लागले. बाबा हळूच म्हणाले, “छान झालंय. पण बाळ, माणसांना श्वास घ्यायला जागा नाही ठेवलीस.”

मी म्हणाले, “बाबा, रेडिओवर असं थांबून चालत नाही हो. आणि तो तर भात्याचा दोष आहे.”

“असेल,” ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

त्याच रात्री साडेआठ वाजता त्यांनी नेहमीप्रमाणे शॉर्टवेव्हवर बीबीसी लावलं. दर वर्षी चोवीस डिसेंबरला, इंग्लंडमध्ये दुपारचे तीन वाजलेले असताना, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून नाताळची गीतं थेट प्रसारित होतात. ही उपासना तिथं १९१८ मध्ये सुरू झाली आणि १९२८ मध्ये ती पहिल्यांदा रेडिओवर आली. सुरुवात एका मुलाच्या एकट्या आवाजानं होते. साथीला एकही वाद्य नसतं. त्या मुलालासुद्धा आधी माहीत नसतं. अगदी शेवटच्या क्षणी गायनप्रमुख त्याच्याकडे बोट दाखवतात आणि तो गायला लागतो.

रेडिओत शिट्ट्या वाजत होत्या, खरखर होत होती. तरी त्या मुलाचा आवाज आमच्या घरात स्पष्ट आला. त्या चॅपलचं दगडी छत खूप उंच आहे. एक ओळ संपली की तिचा नाद तिथं घुमत राहतो. तो विरेपर्यंत गाणाऱ्यांना घाई करता येत नाही. बाबा कान देऊन ऐकत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बघ, तेही थांबतात. त्यांना दगड थांबवतो, मला भाता थांबवतो.”

मी गप्प बसले. त्या वेळी ते मला फारसं पटलं नव्हतं, हेही खरं सांगते.

६. कोरी टेप

आता मला माझी मोठी चूक सांगायची आहे.

तेव्हा टेप महाग होती आणि कायम कमी पडायची. त्यामुळे जुनी ध्वनिमुद्रणं पुसून त्याच टेपवर नवी करायची पद्धत होती. कुठल्या टेपा पुसायच्या याची यादी वेळोवेळी निघायची. काही वर्षांनी ती यादी तपासायचं काम माझ्याकडे आलं. यादीत फक्त क्रमांक होते. मी घाईत होते. कपाटातली रिळं काढून त्यांच्यावरची नावं वाचली नाहीत. क्रमांकांपुढे खुणा केल्या, सही केली आणि घरी गेले.

१९८६ मध्ये बाबा गेले. त्यांच्या आवाजाची आणि पेटीची दुसरी कुठलीच टेप नव्हती. केंद्रावर परत आले त्या दिवशी मी थेट कपाटाकडे गेले. रीळ जागेवर होतं. मी ते मशीनवर चढवलं आणि हेडफोन लावले. आत खतांच्या वापराबद्दल एक भाषण होतं.

वहीत बघितलं. यादीखाली सही माझीच होती.

मी कुणाला काही बोलले नाही. आईलासुद्धा सांगितलं नाही. ती कधी कधी विचारायची, “तुमच्याकडे ती टेप असेल ना गं?” मी म्हणायची, “हो, असेल.” आई गेली तरी तिला ते कळलं नाही. आज मी पहिल्यांदाच हे लिहिते आहे.

त्या दिवसापासून एक गोष्ट मात्र बदलली. रविवारी पेटी वाजवताना, बाबांची चाल आली की मी तिसऱ्या ओळीआधी थांबू लागले. माझ्या पेटीचा भाता धडधाकट होता. तरी थांबायची. शहरातली मंडळी गोंधळायची, कुणी पुढे जायचं, कुणी मागे राहायचं. हळूहळू मीच ते सोडून दिलं. मनात म्हटलं, गेलं ते गेलं.

७. लेस्टरमधली मावशी

लेस्टरला आले तेव्हा वाटलं होतं, आता मराठी भजनं संपली. तसं झालं नाही. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, इथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आम्ही मराठी उपासना करतो. दहा-पंधरा कुटुंबं येतात. कुणी नगरचं, कुणी सोलापूरचं, कुणी मुंबईचं. भेटल्यावर एकमेकांना ‘सलाम’ म्हणतो. मराठी ख्रिस्ती माणसांची ती जुनी रीत आहे. मी इलेक्ट्रिक कीबोर्ड वाजवते. त्याला भाताच नाही. विजेच्या तारेनं चालतो. कितीही वाजवा, दमत नाही.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या उपासनेला एक नव्या मावशी आल्या. ऐंशीच्या आसपासच्या. जालन्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. अंगात जाड स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला मफलर. बाबांच्या चालीचं ते नाताळचं भजन मी वाजवायला घेतलं. ती चाल इथं कुणाला नीट येत नव्हती. सगळे पुस्तकात बघून माझ्यामागून गात होते.

दोन ओळी झाल्या. सगळे तिसऱ्या ओळीत शिरले. आणि मावशी थांबल्या.

दोन सेकंद. त्यांनी श्वास घेतला आणि मग खणखणीत आवाजात तिसरी ओळ उचलली. बाकीच्यांना वाटलं, म्हातारं माणूस, मागे राहिलं असेल. दुसऱ्या कडव्याला माझी बोटं आपोआप पट्ट्यांवरून उठली. मीही थांबले. मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू म्हणत होत्या, ‘आत्ता कसं!’ तिसऱ्या कडव्याला चार-पाच जण थांबले. चौथ्याला सगळा हॉल थांबला.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“मावशी, तुम्ही मधे थांबलात ते?”

“थांबायचंच असतं की तिथं,” त्या म्हणाल्या.

“कुणी शिकवलं तुम्हाला?”

“माझ्या सासूबाईंनी. त्यांना दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी शिकवलं होतं. त्या तुमच्या नगरकडच्या होत्या म्हणे.”

“नाव काय त्यांचं?”

“नाव नाही बाई आता आठवत. लई जुनी गोष्ट आहे.”

मी त्यांना म्हटलं, “मावशी, ही चाल माझ्या बाबांनी लावलेली आहे. त्यांच्या पेटीचा भाता फाटका होता. हवा भरायला थांबायला लागायचं, म्हणून ती थांबायची जागा आली.”

मावशी हसायला लागल्या. “काहीतरीच! भात्याचा काय संबंध? तिथं क्षणभर प्रभूची आठवण करायची असते. सासूबाई आम्हाला तसंच सांगायच्या.”

मी वाद घातला नाही. कुणास ठाऊक, त्यांचंच खरं असेल. मी कापलेल्या बारा जागा टोपलीत गेल्या. उरलेली टेप माझ्या सहीनं पुसली गेली. पण बोर्डिंगातली एखादी मुलगी ती जागा बरोबर घेऊन जालन्याला गेली. तिच्याकडून ती एका सासूकडे गेली, सासूकडून सुनेकडे, आणि सुनेबरोबर विमानात बसून लेस्टरला आली. त्या जागेत काय करायचं, याचा अर्थही वाटेत बदलला. तरी ती दोन सेकंद टिकली.

त्या रात्री मी लेकीला टेपची सगळी गोष्ट सांगितली. छत्तीस वर्षं मनात ठेवलेलं अर्ध्या तासात सांगून झालं.

८. आता तुमचं काम

तुमच्या खिशात फोन आहे. त्यात किती तासांचं ध्वनिमुद्रण मावतं, याचा आम्ही तेव्हा विचारही करू शकलो नसतो. म्हणून तुम्हाला दोन कामं सांगते.

पहिलं काम. घरातल्या मोठ्या माणसाचा आवाज मुद्रित करून ठेवा. आजीची ओवी असेल, आजोबांची आरती असेल, आईचं अंगाईगीत असेल, नाहीतर आत्याची पुरणपोळीची कृती असेल. वर नाव आणि तारीख लिहा. नुसता क्रमांक लिहू नका. कारण नुसता क्रमांक लिहिला की काय होतं, हे तुम्ही आत्ताच वाचलंत. आणि मधे खोकला आला, भांडं पडलं, बोलता बोलता आजी विचारात पडली, तर ते कापू नका.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. त्यातली एक तरी गोष्ट शिकून घ्या. नुसती साठवू नका, स्वतः म्हणा. फोन हरवतो, टेप पुसली जाते. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेलेली चाल कुणाच्या सहीनं पुसता येत नाही. उच्चार चुकले तरी चालतील. आमच्या चर्चमध्ये तर भात्याची चूकसुद्धा गाण्यात मिसळून गेली.

तर मंडळी, आज घरी एवढं कराच. फोन समोर ठेवा, आजीला म्हणा, “आजी, ते तुझं गाणं म्हण ना.” ती गायला लागेल. आणि मधेच कुठं थांबली, तर लगेच “पुढे काय?” म्हणू नका. तुम्हीही थोडं थांबा.